गालावरचं फडकं

विणखात्याच्या मास्तरांनी माझा धोटा दोन बोटांत उचलला. मेलेली पाल उचलावी तसा. सगळं खातं बघत होतं.

"याला लाल दोरा बांधा. याचा धोटा यापुढे वेगळा. तोंड सडलंय याचं." मग हसून म्हणाले, "थापा मारून मारून दुसरं काय होणार?"

खातं हसलं. साचे खडखडत होते, तरी मला ऐकू आलं.

आमच्या सोलापूरच्या गिरणीत कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागतं. दिवसपाळीचं तोंड, रातपाळीचं तोंड, धोटा एकच. एवढ्या एका कारणासाठी महारांना विणखात्यात पाय ठेवू देत नाहीत. आमच्या खात्याच्या दारावरून जाताना ते लोक कसल्या नजरेनं आत बघत, ते मला लाल दोऱ्यानं एका दिवसात शिकवलं.

दाढेखाली गाठ. आधी जोंधळ्याएवढी, मग सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. मी अख्ख्या गिरणीचा थापाड्या. माझ्या मोहोळच्या म्हशीच्या दोन शिंगांवर दोन घारी घरटी करून होत्या, आणि जन्मात एकीला दुसरीचा पत्ता नव्हता! पण या गाठीला मला पदरचं काही लावावं लागलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कॅन्सर म्हटलं. एकाचा दुसऱ्याला लागत नाही म्हटलं. औषधही नाही म्हटलं.

लोकांकडं मात्र बोलायला भरपूर होतं. आमच्यावरचा मुकादम, जॉबर, म्हणाला, "बारीक झालास, पर लई तरणा दिसतोस की!" बायको मला ताकात भाकरी कुस्करून भरवत होती, तेव्हा शेजारच्या काकू येऊन टेकल्या. "माज्या दिराला हितंच झालती बघा. सोन्यासारखा माणूस. शिमग्याला गेला." बायकोचा घास हातातच राहिला.

मग मास्तरांकडं पुण्याचे पाहुणे आले. पाहुणे आले की बंगल्यावरून मला बोलावणं ठरलेलं. ओसरीच्या पायरीखाली उभं राहायचं, थापा सांगायच्या, उरलासुरला चिवडा पदरात घ्यायचा. त्या दिवशी मास्तर स्वतः फडकं घेऊन उभे.

"गालावर बांध. बायकामाणसं आहेत, बघवत नाही. आणि ती म्हशीची सांग. ऐकून घेऊ दे त्यांना, पुढच्या दिवाळीला तू कुठला असायला!"

वाईट मनानं म्हणाले नाहीत. तेच लई लागलं. पानाला चुना मागावा तसं म्हणाले.

फडकं मुठीत धरलं आणि उघड्या गालानं पाहुण्यांपुढं उभा राहिलो.

"म्हस मेली," मी म्हणालो.

"अरे, नीट सांग की!"

"मेली, मास्तर. दोनी घारी उडून गेल्या. मी बी मरणार हाय. ही थाप न्हाय."

कुणी हसलं नाही. चिवड्याला हात न लावता मी निघालो.

त्यानं काही बदललं नाही. गाठ वाढतेच आहे. लाल दोरा आहे तिथंच आहे. आता शब्द फुटत नाहीत म्हणून हे लिहितोय, उद्या हातही असाच जाईल. पण जीभ शिल्लक होती तोवर त्या ओसरीला पुन्हा एकही थाप मिळाली नाही. फडकं मी चुलीत घातलं. उभं राहवतं तोवर कामाला जाणार. भर रस्त्यानं, गाल उघडा टाकून. ज्याला बघवत नसेल त्यानं आपले डोळे बांधून घ्यावेत.