मारलं नाही, धरलं

महाडच्या बाजूला कारखाने नवे नवे उभे राहत होते, तेव्हा मी त्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होतो. आमच्या साहेबांचं एकच सांगणं असायचं, कामगारावर हात टाकायचा नाही. एक थोबाडीत बसली की पोलीस येतात, युनियन येते, गेट बंद पडतं. म्हणून आम्हाला शिकवायला एक रिटायर झालेले जमादार ठेवले होते. संध्याकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी, गेटमागच्या मोकळ्या जागेत ते आम्हाला माणूस धरायला शिकवायचे.

अंगावर आलेल्याच्या हाताच्या पाठीवर आपला अंगठा टेकवायचा, बोटं तळव्याकडून घालायची आणि तळवा बाहेरच्या बाजूला पिळायचा. धिप्पाड माणूससुद्धा गुडघ्यावर येतो. पहिल्यांदा मी स्वतःच खाली बसलो तेव्हा मला हसूच आलं. दुखलं म्हणावं तर फारसं नाही, पण उठताही येईना.

"ठोसा मारलास की तुझं काम संपलं," जमादार म्हणायचे. "धरलंस की काम चालू राहतं. केव्हा सोडायचं ते तू ठरवायचं."

"म्हणजे लग्नासारखंच की, जमादार," आमच्यातला एक जण म्हणाला.

"लग्नात तुझं कोण ऐकतंय? इथं तरी ऐकतील."

मला त्या गोष्टीचा नादच लागला. रिकाम्या वेळी मी माझंच डावं मनगट उजव्या हाताने पिळून बघायचो. आधी सांधा सैल असतो, सहज फिरतो. मग एका जागी तो सैलपणा संपतो. तिथे माणूस थांबतो, आपणही थांबायचं. ती जागा प्रत्येकाची वेगळी. खोलीतल्या सोबत्यांची मनगटं मी चहाच्या बदल्यात मागून घेत असे. मारण्यापेक्षा हे किती सभ्य, असं मला खरोखर वाटायचं.

त्या माघात मी सुटीवर गावी गेलो. आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणाच्या अंगाला. थोरला भाऊ घरची शेती बघायचा. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, तो राब. त्यासाठी झाडावर चढून कोयत्याने फांद्या उतरवायच्या, ती कवळ. दादासारखी कवळ तोडणारा आमच्या वाडीत दुसरा नव्हता. पण तो प्यायचाही तसाच.

एका दुपारी मी त्याची बाटली उकिरड्यावर ओतली. तो अंगणात आला आणि सगळ्या वाडीदेखत मला थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. मी तिशीला आलेला, नोकरीवाला माणूस. तिसऱ्यांदा हात आला तेव्हा मी तो धरला.

दादा गुडघ्यावर आला. "सोड, सोड रे," म्हणाला. सैलपणा संपल्याचं माझ्या बोटांना कळलं होतं. तो आता मला मारू शकत नव्हता, मला भीती उरली नव्हती. आणि मी अजून थोडा पीळ दिला. ओली शेंग मोडावी तसा आवाज झाला.

आजवर मी सांगताना 'झटापटीत झालं' असं सांगत आलो. झटापट तेव्हा संपलेली होती.

वाडीत माझं कौतुक झालं. "थोरल्यावर हात नाय उचलला हो पोरानं. नुसतं धरलान." आईसुद्धा शेजारणीला तेच सांगत होती. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि ती माझी नम्रता ठरत होती.

गावच्या हाडवैद्याने लेप बांधला. सूज उतरेना म्हणून दादाला महाडला नेलं. एक्स-रेच्या फोटोत हाड मोडलेलं दिसेना. डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का?"

"व्हय," दादा म्हणाला. "ऐनाच्या झाडावरून."

मी शेजारीच उभा होतो.

मनगट बरं झालं ते वाकडं. बोटं मिटली तरी त्यात कोयता ठरेना. दारू काही वर्षांनी आपोआप सुटली, माझ्यामुळे नव्हे. कवळीच्या दिवसांत मी रजा काढून जायचो आणि कशाबशा फांद्या तोडायचो. वयनी खालून ओरडायची, "भावजी, झाड तोडताव का त्याची हजामत करताव?"

एका मोठ्या विचाराने मला पछाडलं होतं. दादाच्या थपडा खाल्लेला माझा गाल दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा झाला होता. मी मारलं नाही, तरी त्याचा हात गेला. मग सभ्य कोण?

असाच कवळीला गेलो असताना एका सकाळी दादाने ओटीवरून हाक मारली. "ये हिकडं. तवा कसा धरला व्हतास, दाखव मला."

"कशाला आता, दादा?"

"बघू दे रे. हात माझा गेला, मला कळाया नको?"

चेष्टा नव्हती. एखादं नवं अवजार बघावं तसा तो बघत होता. मी त्याचा डावा अंगठा माझ्या हाताच्या पाठीवर ठेवला, बोटं तळव्याकडून घातली. उजवा, वाकडा हात त्याने नुसता टेकवला. सावकाश पिळत गेला. मी ओटीखाली गुडघ्यावर आलो. सैलपणा संपला तिथे तो थांबला.

"हितं संपतं, नाय?"

"हां."

"तू हितं थांबला नव्हतास."

मी वर बघितलं. "नव्हतो. तू सोड म्हणालास, ते ऐकू आलं होतं."

"मला वाटलंच," म्हणत त्याने माझा हात सोडला. मी उठलो तसं त्याने विचारलं, "मग थोबाडीत का नाय मारलीस?"

"तू थोरला. तुझ्यावर हात कसा उचलू?"

दादा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, वयनी पाणी घेऊन आली. "काय झालं गो बाय यांना?" तिने विचारलं. त्याने नुसता हात हलवला.

मग दारामागचा कोयता डाव्या हाताने काढून त्याने माझ्यापुढे धरला.

"चल. वरच्या बांधावरचा ऐन ऱ्हायलाय. मी खालून सांगतो, सांगंन तितकंच तोड."