केरळमधलं पिठलं

नवऱ्याला अंबडच्या कारखान्यातून आठ दिवसांची सुट्टी मिळाली आणि आम्ही नाशिकच्याच एका टूरबरोबर केरळला गेलो. टूरवाल्यांनी आचारी सोबत घेतला होता. त्यामुळे मुन्नारला पिठलं-भाकरी, अलेप्पीला मटकीची उसळ आणि कोचीला समोर समुद्र असताना ताटात शेवभाजी. रस्त्याकडेच्या टपऱ्यांत केळीच्या पानावर काहीतरी वाफाळतं वाढलेलं दिसायचं, पण बस थांबायची नाही. एकदा मी उतरायला उठले, तर नवऱ्याने हात धरून बसवलं. "पोट बिघडलं म्हणजे? इथं घरचं मिळतंय ना!"

घरचं! वर्षभर ते मीच रांधते. त्यातून सुटायला तर एवढ्या लांब आले होते.

शेवटच्या दिवशी पुन्हा पिठलं. वाढणाऱ्या आचाऱ्याला मी सहज विचारलं, "दादा, तुम्ही कधी जेवता?"

तो आमच्याच जिल्ह्यातल्या देवळ्याचा. जरा लाजला. "माझं झालं ना ताई. मी रोज भाहेर जेवतो. इथला तो तांदळाचा पुट्टू अन् हरभऱ्याची उसळ लय भारी हाय. आपल्याच हातचं रोज रोज कोण खाईल?"