जीपच्या एक्सलला शेंदूर

देवाचं सगळं मनापासून करणाऱ्या घरात देवच मुद्दाम अडचण उभी करतो, असं मला एका दसऱ्याला वाटलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. सोलापुरात एका धर्मादाय दवाखान्याची जीप मी चालवायचो आणि तिची दुरुस्तीही मीच करायचो. जीप मिलिटरीच्या लिलावातली, दारं नसलेली, आवाजाला पहिल्या नंबरची. पण माझा तिच्यावर फार जीव, कारण तिची पुढची चाकंही मागच्यांसारखीच ओढायची. आमच्या डॉक्टरबाई तिच्यातून सांगोल्याकडच्या खडी फोडण्याच्या कामांवर जायच्या. वाटेत माण नदी लागायची. नदी म्हणायची आपली, पाण्याचा थेंब नाही, नुसती भुसभुशीत वाळू. तिथं दुसरी कुठलीही गाडी उतरायचं नाव काढत नसे.

नदीपलीकडच्या कामावर शेवंता नावाची पहिलटकरीण होती. तिच्या पोटातलं मूल आडवं होतं. मागं अशाच एका बाईला लोकांनी खाटेवर घालून वाळूतून आणलं होतं आणि ती वाटेतच गेली. डॉक्टरबाईंना ते फार लागलं होतं. "पुनवेच्या आत मी स्वतः तुला सोलापूरला नेते," असा शब्द त्यांनी शेवंताला आणि तिच्या नवऱ्याला दिला. त्याच दिवशी परत येताना पुढच्या एक्सलमधून जात्यासारखी घरघर ऐकू यायला लागली. बाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं, आणि मला घाम फुटला.

अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये मी एक्सल उतरवून उघडला. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याच्या दातांत दात अडकवून एक लहान चाक त्याला फिरवतं. क्राऊनच्या दोन्ही बाजूंना कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या बसवलेल्या असतात. डावीकडं किती आणि उजवीकडं किती, यावर सगळा खेळ. त्यात फरक पडला की दात दाताला खातात आणि एक्सल वाळूत जीव सोडतो. म्हणून डावीकडच्या चकत्या एका वाटीत आणि उजवीकडच्या दुसऱ्या वाटीत ठेवून मी नवी बेरिंगं आणायला बाजारात गेलो.

तो दिवस खंडेनवमीचा होता. हत्यारांची पूजा आमच्याकडं चुकत नाही. माझी बायको शेडमध्ये आली. पाने, हातोडे, नट-बोल्ट सगळं तिनं रॉकेलनं घासून पुसून लखलखीत केलं आणि पाटावर मांडलं. दोन वाट्यांतल्या चकत्याही तिनं एकत्र करून लहान-मोठ्या अशा ओळीनं लावल्या, प्रत्येकीला हळदकुंकू वाहिलं. उघड्या एक्सललाही झेंडूची माळ घातली. मी आलो तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, "अहो, बघा तरी कसं दिसतंय!" खरंच, इतकी देखणी पूजा मी कधी पाहिली नव्हती. "छान," एवढंच म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. आत थांबलो असतो तर तोंडातून वाईटच निघालं असतं.

पुढं मी चकत्या अदलून बदलून बसवत राहिलो. मोजायचं यंत्र नव्हतं. दात नेमके कुठं टेकतात हे बघायला एक रंग लावतात, तो माझ्या उस्तादाकडं ट्यूबमध्ये असायचा. सोलापुरात कुठंच मिळाला नाही. हातानं फिरवलं की क्राऊन दरवेळी गोडच फिरायचा, पण वाळूत ओझं पडल्यावर काय होईल ते कळत नव्हतं. आमचं कुळदैवत तुळजापूरची आई. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. म्हटलं, आई, तुझ्यासाठी केलेल्या पूजेनंच माझा घात केला. ती पोरगी तिकडं वाट बघतेय, तिला काय उत्तर देऊ? त्या दोन दिवसांत मी देवाला दिवासुद्धा लावला नाही.

समोरच्या रस्त्यानं कर्नाटकातली माणसं पुनवेसाठी तुळजापूरला अनवाणी चालली होती. त्या वर्षी पाणी मिळणं सोपं नव्हतं, म्हणून आम्ही शेडच्या दारात रांजण ठेवला होता. एक म्हातारी पाणी पिऊन सावलीला टेकली. कमरेत वाकलेली, पण चेहऱ्यावर असा आनंद, जणू माहेरीच निघालीय. तिची नजर ठोकळ्यांवर ठेवलेल्या एक्सलकडं गेली. झाकण काढलं की तो मधला गोल भाग देवळीसारखाच दिसतो, त्यात झेंडूची सुकलेली माळ.

"तम्मा, ह्यो कुटला देव म्हणायचा?" तिनं विचारलं. कानडी मुलुखात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, आईला अव्वा.

"देव न्हाय अव्वा, गाडीचा एक्सल हाय. बिघडलाय."

"वझं वाहतोय न्हवं तुमचं?"

"व्हय, वाहत हुता."

"मग असा कोरडा का ठिवलाय?" असं म्हणून तिनं कमरेच्या पिशवीतनं शेंदराची पुडी काढली, माझ्या तेलाच्या डब्यात बोट बुडवलं आणि सरळ क्राऊनच्या दातांना शेंदूर फासायला लागली. मी ओरडणारच होतो की बाई, एक पूजा झाली तेवढी पुरे. तेवढ्यात पुढच्या दातांना लावण्यासाठी तिनं क्राऊन हातानं फिरवला. लहान चाकाचे दात जिथं टेकले तिथला शेंदूर पुसला गेला आणि खालचं काळं पोलाद दिसलं. खूण दाताच्या पार कडेला होती.

मी वाकून बघतच राहिलो. उस्तादाचा रंग हेच तर दाखवायचा, आणि खूण दाताच्या मधोमध हवी असते. "अव्वा, आनखी फिरवा," मी म्हणालो. तिनं हसत हसत फिरवला. उठताना पुडी माझ्या हातात ठेवली. "वाटंतल्या म्हसोबाला आणला हुता. तुजाच म्हसोबा मोटा दिसतुय की," म्हणाली आणि आपल्या माणसांमागं चालायला लागली. तिचं गाव विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मग काय, एक चकती इकडून काढायची, तिकडं घालायची, शेंदूर लावायचा, फिरवून बघायचं. दरवेळी खूण थोडी सरकायची. शेवटी ती बरोबर दाताच्या मधोमध आली. ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांची मला कमाल वाटली. पण त्याहून जास्त त्या अव्वाची वाटली. जे आपलं ओझं वाहतं त्याला हात जोडायचे, एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी एक्सल चढवला आणि डॉक्टरबाईंना घेऊन निघालो. शेवंताला तोवर कळा सुरू झाल्या होत्या. मागं गादी टाकून तिला निजवलं, नवरा तिच्या उशाशी बसला. परतताना नदीच्या मध्यावर मागची चाकं वाळूत बसली. जीप थरथरली. मी पुढच्या चाकांचा गिअर टाकला आणि मनात म्हटलं, आई, माझं होतं तेवढं करून झालं, आता तुझं तू बघ. पुढच्या चाकांनी वाळू धरली. जीप हळूहळू, एखादी म्हैस चढ चढते तशी, पलीकडं चढली. एक्सलचा आवाज नव्हता, फक्त शेवंताचं कण्हणं होतं.

सोलापूरच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या, पदरानं चेहरा पुसत म्हणाल्या, "मुलगी झाली. आई बोलतेय." एवढं बोलून त्या बाकड्यावर बसल्या आणि रडल्या. मीही रडलो, लपवलं नाही.

शेवंताचा नवरा माझ्याशेजारी उभा होता.  तो हळूच म्हणाला, "डायवरदादा, एक इचारू? वाळूत चाकं बसली तवा तुमी डोळं मिटलं हुतं. म्या आरशात बघितलं."

"व्हय," मी म्हणालो.

"मग तवा गाडी कोण हाकत हुतं?"

 मी तुळजापूरच्या दिशेला तोंड करून हात जोडले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्यानंही जोडले.