गॅलरीतल्या पिशव्या

डोंबिवलीच्या घरात माझ्या वाट्याला गॅलरी आली. भावाचं घर म्हणजे हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरामागे काचा लावून बंद केलेली ही लांबोडकी गॅलरी. नवऱ्याचं कोपरीचं घर सोडून मी आले तेव्हा वहिनीने तिथलं वॉशिंग मशीन हलवलं, आणि ते हलवताना जी आदळआपट केली ती अजून माझ्या कानात आहे. एका टोकाला माझी खाट, उरलेल्या जागेत दोऱ्यांना टांगलेल्या माझ्या अळिंबीच्या पिशव्या. लोक मश्रूम म्हणतात. वहिनी 'भुरी' म्हणायची. "काय गं, आली का तुझी भुरी वर?" असं भाजी परतता परतता विचारायची. मी दात आवळून गप्प बसायचे. नेहमीच बसायचे असं नाही.

मी तापट आहे. कोपरीत मात्र माझा आवाज कुणी ऐकला नसेल. तिथे नवरा आणि सासू बाहेर पडले की दाराला बाहेरून कडी लावून जायचे. मी आत असतानाच. "सवय आहे गं, चोऱ्या होतात," असं सासू म्हणायची. चोर आत यायचा तो येवो, पण मी दूध नासलं म्हणून दुसरी पिशवी आणायला खाली जाऊ शकत नव्हते. लग्नानंतर इतकी वर्षं मी त्या कडीचा आवाज ऐकला. मग एका दुपारी त्यांनी कडी लावायच्या आत मी चपला घातल्या आणि निघाले. इथे आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर गॅलरीच्या दाराला आतल्या बाजूने कडी बसवून घेतली. वहिनीला ते फार लागलं. "आमच्यावर विश्वास नाही वाटतं." नव्हताच.

अळिंबीचं शिकले ते मोबाईलवर बघून आणि भरपूर माती खाऊन. धिंगरी जातीची अळिंबी भाताच्या पेंढ्यावर येते. पेंढा कल्याणच्या एका तबेल्यातून आणायचा. तबेलेवाला बेरकी. वरून सोन्यासारख्या काड्या दाखवणार आणि गठ्ठ्याच्या पोटात भिजून काळा पडलेला माल दडवणार. मी तिथेच गठ्ठा सोडून बसायचे. तो म्हणायचा, "मॅडम, म्हशी खातात तरी बोंबलत नाहीत." त्याच्याशी भांडून झालं की रिक्षावाल्याशी, कारण सीटवर काड्या पडतात. घरी येईपर्यंत माझं डोकं पेंढ्याच्या आधी उकळलेलं असायचं.

मग पेंढा बोटभर कापायचा, रात्रभर पाण्यात भिजत टाकायचा आणि सकाळी मोठ्या पातेल्यात चांगला खळखळून उकळायचा. त्यात आधीच घर करून बसलेले जंतू मेले पाहिजेत. नंतर निथळत ठेवायचा, आणि खरी परीक्षा इथे असते. मूठभर पेंढा घेऊन पिळायचा. तळवा ओला झाला पाहिजे, पण पाण्याचा थेंब गळता कामा नये. गळला तर पिशवी आतून आंबते. कोरडा राहिला तर काहीच उगवत नाही. तो गार झाला की पिशवीत एक थर पेंढ्याचा, एक थर बियाण्याचा असं भरत जायचं. बियाणं म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. तोंड बांधायचं, पिशवीला सुईने बारीक भोकं पाडायची आणि वाट बघायची. सगळं नीट झालं तर पांढरं जाळं हळूहळू सगळा पेंढा व्यापतं.

आणि नीट झालं नाही तर हिरवी बुरशी येते. ही माझी सवत. आधी एक ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. दुसऱ्या दिवशी त्याचा डाग. मग अख्खी पिशवी जाते आणि शेजारणीलाही घेऊन जाते. तिचे कण हवेत असतात, नखांत असतात, केसांत असतात, पदराला असतात. म्हणून पिशव्या भरायच्या दिवशी मी डोक्यावरून आंघोळ करायचे, नखं कापायचे, हात स्पिरिटने पुसायचे, पंखा बंद ठेवायचे आणि तोंडाला फडकं बांधून घामाने निथळत बसायचे. नेमकी त्याच दिवशी वहिनीला इडल्यांची हुक्की यायची. आंबून फुगलेलं पीठ ओट्यावर, आणि त्याच्या शेजारी माझा निर्जंतुक केलेला पेंढा. मी म्हणायचे, "वहिनी, आज नको ना." ती म्हणायची, "स्वयंपाकघर आहे हे, तुझं ऑपरेशन थिएटर नाही." शेजारच्या बायका तर वाटेल तेव्हा "बघू तरी" म्हणत गॅलरीत डोकावणार, पिशव्यांवर वाकून बोलणार, एखादी शिंकणारसुद्धा. मी त्यांना हाकलायचे. सोसायटीत माझं नाव खराब झालं. मला त्याचं काही वाटलं नाही.

घरात माझं ऐकून घेणारी एकच होती, आई. स्वयंपाकघरातून गॅलरीत उघडणारी एक खिडकी होती, गॅलरी बंद व्हायच्या आधीची, गज असलेली. त्या खिडकीखाली आईचं बसकं स्टूल. तिथल्या उजेडात ती भाज्या निवडायची, पेपर वाचायची. मी आत काम करायचे आणि ती गजांतून प्रश्न विचारायची. पाणी कधी शिंपडायचं? मी सांगायचे, "जाळं पूर्ण पांढरं होईपर्यंत थेंबसुद्धा नाही. आणि पिठूळ काही तर अजिबातच नको, पेज नको, कणकेचा हात नको. हिरवीला तेच आवडतं." आई ते माझ्यामागे म्हणून दाखवायची, शाळेतल्या मुलीसारखी. "थेंब नाही, पिठूळ नाही." मला फार बरं वाटायचं. वाटायचं, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.

दोन खेपा हिरव्या झाल्या. पहिली माझ्या चुकीने, पेंढा नीट निथळला नव्हता. दुसरी का गेली ते कळलं नाही. मी इडलीच्या पिठाला शिव्या घातल्या. वासाने वहिनी वैतागली. त्यातच कोपरीची माणसं दादाला भेटायला येऊन गेली, "झालं गेलं विसरून जाऊ, पाठवा तिला" म्हणून. दादा मवाळ माणूस. त्याने मला बसवून सांगितलं, "हे बघ, अजून एकदा करून बघ. जमलं तर गॅलरी तुझी, कोणी काही बोलणार नाही. पण याही वेळी हिरवं झालं तर मात्र... मी तिकडे बोलतो. नीट वागवायला सांगतो तुला." वहिनी मागे उभी राहून टॉवेलाच्या घड्या घालत होती.

म्हणजे कोपरी. कडी.

ती खेप मी डोळ्यांत तेल घालून केली. आणि काय सांगू, पिशव्या अशा सुरेख पांढऱ्या होत चाललेल्या की मी झोपेतून उठून आधी त्यांच्याकडे बघायचे. मग एका सकाळी खिडकीजवळच्या पिशवीवर ठिपका दिसला. पाठोपाठ तिच्या शेजारच्या पिशवीवर. खाटेकडच्या पिशव्या स्वच्छ होत्या. हिरव्या झाल्या त्या फक्त खिडकीजवळच्या, गजांतून हात घातला तर पोचेल एवढ्याच. मी जवळ जाऊन बघितलं. प्लास्टिकवर भोकांपासून खाली ओघळ वाळलेले, पांढुरके. नाक लावलं तर आंबट वास.

तळपायाची आग मस्तकात गेली. दादा डबा घेऊन निघतच होता. मी त्याच्यासमोर वहिनीला धरलं. "काय ओततेस तू माझ्या पिशव्यांवर? खिडकीतून हात घालून?"

"मी?" वहिनीच्या हातात पळी होती, तीच तिने माझ्यावर रोखली. "सकाळी मला केस विंचरायला वेळ नसतो, आणि मी तुझ्या भुरीला पाणी घालत बसू?"

"मग कोण? भूत?"

"तुझ्या आईला विचार ना. रोज तांदूळ धुतले की धुवण कोण मागून घेतं? मला वाटायचं कढीपत्त्याला घालतात."

आम्ही तिघांनी आईकडे बघितलं. ती स्टुलावर बसलेली. तांदळाचं धुवण झाडांना घालायचं ही आमच्याकडची जुनी रीत. त्याने कढीपत्ता तरारतो, गुलाब फुलतो, असं ती कायम म्हणते. मी आंघोळीला गेले की ती वाटी घेऊन खिडकीशी जायची.

"मला वाटलं, झाडासारखंच असेल," आई म्हणाली. "जोमाने येईल म्हणून घातलं."

दादाला हसूच आलं. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. "आई गं! अगं, म्हातारी झाली ती, तिला काय कळतंय यातलं. ही खेप धरायची नाही. अजून एक कर तू, पण ती शेवटची." वहिनीने पळी सिंकमध्ये टाकली आणि ती आपटली असं कोणाला वाटू नये एवढ्या बेताने टाकली. मीही हसले असेन. वहिनीला सॉरी मात्र म्हटलं नाही.

हिरव्या पिशव्या मी दुहेरी कॅरीबॅगमध्ये बांधून खाली टाकल्या. खिडकी फिनेलने पुसली. पुसता पुसता हात थांबला. थेंब नाही, पिठूळ नाही. तिने पाठ म्हणून दाखवलं होतं.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, तुला माहीत होतं."

"काय गं?"

"पिठूळ पाणी घातलं की काय होतं ते. तुला माहीत होतं. गेल्या वेळेसही तूच घातलंस ना?"

तिने काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवले. मग मान वर न करता बोलली. "मी किती दिवसांची आहे? मी असेपर्यंत दादा तुला ठेवेल. माझ्यानंतर बायकोचं ऐकेल. कुठे जाशील मग तू? तिकडे नवरा आहे, नावाचं घर आहे. आता बोलवताहेत ते. पुढे बोलावणार नाहीत."

"मला कोंडून ठेवायचे तिथे."

"बाहेरून कडी लावायचे, एवढंच ना," आई म्हणाली. "मारत तर नव्हतं कोणी."

मला तिचा भयंकर राग आला. वहिनीचा राग मी रोज खाते-पिते, तो अंगवळणी पडला आहे. हा राग वेगळा होता. जिने माझ्याकडून धडा शिकून घेतला, तिनेच त्यावर वाटी ओतली होती, आणि ते माझ्या भल्यासाठी. मला ती त्या क्षणी अजिबात आवडली नाही. आई असूनही.

दादाला मी काही सांगितलं नाही. सांगून तो काय करणार होता? संध्याकाळी माळ्यावरून जुन्या कपाटाची प्लायवूडची फळी काढली आणि खिडकीवर स्क्रूने बसवायला घेतली, गॅलरीच्या बाजूने. वहिनी धावत आली. "अगं, काय हे? दिवसाढवळ्या लाईट लावून स्वयंपाक करू का मी?"

"लावू दे तिला," आई स्टुलावरून म्हणाली. "माझ्यासाठीच लावतेय."

वहिनीला वाटलं, विसरभोळ्या म्हातारीचा हात चुकून जाऊ नये म्हणून. ती नाराजच होती, पण माझा हात पुरत नव्हता म्हणून फळीचं एक टोक तिनेच धरून ठेवलं. मी शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा स्वयंपाकघरात अंधार झाला होता. कोणीतरी ट्यूब लावली.

पुढची खेप पांढरी आली. सगळी. बर्फासारखी म्हणायला मी काही बर्फ पाहिलेला नाही, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी म्हणते. मग भोकांतून कळ्या आल्या आणि बघता बघता त्यांच्या राखाडी छत्र्या झाल्या, एकावर एक. दादाने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. वहिनीने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून भाजी केली आणि चाखून म्हणाली, "मटणाची चव लागते बाई," पण माझ्याकडे न बघता. आईने ताट बोटांनी पुसून घेतलं.

सगळे उठल्यावर ती मला म्हणाली, "म्हणजे आता कोपरी नाही."

"नाही."

"मग माझ्यामागे हिच्याशी जमवून घे." तिने ओट्याशी असलेल्या वहिनीच्या दिशेने मान हलवली. मग म्हणाली, "आणि ती फळी काढ आता. मेथीतली माती दिसत नाही गं मला."

"बघू," मी म्हटलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. कोपरीहून कोणी आलं नाही. फळी तिथेच आहे. आई ट्यूबलाईटखाली भाजी निवडते, आणि हल्ली तिने निवडलेल्या भाजीत काड्या राहतात. वहिनी काही न बोलता ती पुन्हा निवडते. मला ते सगळं ऐकू येतं, टोपली सरकवल्याचं, नळ सोडल्याचं. मी गॅलरीत पिशव्यांवर हात फिरवत उभी असते, दाराला आतून कडी लावून.