व्हिलन शिकवला त्या दिवशी

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. शब्दांची कुळं काढायची मला भारी हौस. स्वतःचं कूळ मात्र मी झाकून ठेवायचो.

त्या दिवशी 'व्हिलन' हा शब्द शिकवायचा होता. तासाला दहा मिनिटं होती आणि सांगोल्याकडून आबा, माझे वडील, न सांगता आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. मेंढरांचा वास त्यांच्याआधी स्टाफरूममध्ये शिरला. मी त्यांना घाईघाईने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. एवढ्यात विभागप्रमुख आले. आबा ताडकन उठले आणि त्याच खुर्चीवर घोंगडी अंथरून म्हणाले, "बसा की सायेब." आमच्याकडे पाहुण्याला घोंगडी टाकल्याशिवाय बसवत नाहीत. इथे पाहुणे आपणच आहोत, हे आबांच्या ध्यानातच आलं नाही.

साहेब बसले नाहीत. "हे कोण?"

"गावाकडचे आहेत. आमची मेंढरं राखतात," मी म्हणालो. शब्दन् शब्द खरा होता, म्हणूनच इतकं सहज जमलं.

आबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "व्हय सायेब. ह्यांचीच मेंढरं राखतो मी."

पोटच्या पोराला 'ह्यांची'! धरणी दुभंगावी असं वाटलं, पण घड्याळ बघून मी तासाला गेलो.

"व्हिला म्हणजे जुन्या लॅटिनमध्ये शेतावरचं घर," मी वर्गाला सांगितलं. "तिथे राबणारा, तो व्हिलन. बिचाऱ्याने कुणाचं वाकडं केलं नव्हतं. पण बड्यांना तो गावंढळ वाटला, गावंढळाचा हलकट झाला आणि हलकटाचा खलनायक."

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, त्याला पहिल्यांदा हलकं कुणी मानलं असेल?"

"पुढच्या तासाला बघू," म्हणालो. आम्हा मास्तरांची ही नेहमीची पळवाट.

परत आलो तर आबा निघून गेले होते. टेबलावर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. मी स्टँडवर धावलो नाही. केल्याची लाज वाटत होतीच. पण ते गेले याचं मनातून बरंही वाटलं, आणि त्याची लाज जास्त वाटते.

संध्याकाळी आईचा फोन आला. "लई मान दिलास म्हनं बापाला! खुर्चीत बसवलंस, मोठ्या सायबाला 'ह्ये माजे वडील' म्हनून सांगितलंस. सगळ्या आळीला सांगत सुटल्यात की!"

"व्हय, आई," मी म्हणालो.