बारा वाव

दुसऱ्याच्या तोंडातला शब्द बदलून तुम्ही कधी त्याचीच सही त्याखाली घेतली आहे?

मी घेतली आहे. हे मी घरात सांगितलेलं नाही, होडीवाल्यांच्या संघटनेत नाही, आणि ज्याची सही घेतली त्या भिवाकाकाला तर नाहीच. चार वर्षं झाली.

मी पत्रकांत वाढले. बाबा मालवणातल्या छोट्या होडीवाल्यांसाठी पत्रकं लिहायचे. शाळेतून आले की त्यांना घड्या घालणं, खळ शिजवणं, बंदराच्या भिंतींवर ती चिकटवणं हे माझं काम. दहाव्या वर्षी मला पाठ होतं — किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, तिथे काही झालं तर आपलं सागरी पोलीस ठाणं आणि मत्स्य खातं. त्याच्यापुढे केंद्र. हे बारा मैल मला पाढ्यासारखे येत होते. म्हणून चूक झाली असं मला म्हणता येत नाही.

आणि तावडे हवालदार. एका मोर्चात त्याने बाबांच्या हातातला पत्रकांचा गठ्ठा हिसकावून चिखलात टाकला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. बाबा घरी येऊन हसले, विसरले. मी विसरले नाही. पुढे बाबा गेले. ती पत्रकं मी धुऊन वाळवली होती, ती अजून माझ्याकडे आहेत — एवढं सांगितलं म्हणजे माझ्या रागाची जात कळेल.

नारळी पौर्णिमेनंतरचे दिवस होते. भिवाकाका आणि त्याचा धाकटा भाऊ सदा पहाटे जाळी ओढत होते. एवढ्या जवळ यायची परवानगी नसलेला एक मोठा ट्रॉलर सरळ त्यांच्या होडीवर आला आणि निघून गेला. भिवाकाका फळीला धरून राहिला. सदा तिसऱ्या दिवशी देवबागच्या वाळूवर सापडला.

ट्रॉलर कोणाचा हे भिवाकाकाने पाहिलं होतं. मालक आपल्याच तालुक्यातला, त्याची गाडी दर आठवड्याला ठाण्याच्या दारात उभी असायची. अर्ज लिहायला भिवाकाका माझ्याकडे आला. सही करण्यापुरतीच अक्षरं त्याला येतात.

"खंय झाला ह्या, काका?" मी विचारलं.

"बारा वांवात गो. बंदरावरचे दिवे दिसत होते."

वाव म्हणजे पाण्याची खोली. दोन्ही हात पसरले की एक वाव, दोरी टाकून मोजायची. बारा वाव पाणी आमच्याकडे किनाऱ्यापासून फार दूर नसतं — बारा मैलांच्या पुष्कळ आत. म्हणजे तपास आपल्या ठाण्याचा. म्हणजे तावडेचा.

मी काय लिहिलं? लिहिलं — 'बारा सागरी मैलांच्या बाहेर'.

मला वाटलं, प्रकरण केंद्राकडे जाईल, मोठे साहेब येतील, मालकाची गाडी तिथे पोचणार नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की सदाच्या मरणावर तावडेचा हात पडू नये, त्याला सगळ्यांसमोर नालायक ठरवावं, ही मला भूक होती. मग मी भिवाकाकाला अर्ज वाचून दाखवला. आणि वाचताना त्या जागी — कागदावर मैल असताना — मी मोठ्याने 'बारा वाव' म्हटलं. तो मान हलवत ऐकत होता. त्याने सही केली.

ठाण्यात तावडेने अर्ज दोनदा वाचला. तो वेंगुर्ल्याच्या मासेमाराचा मुलगा, होडीवाला मैल नाही, वावच सांगणार हे ओळखणारा; मला हे तेव्हा माहीत नव्हतं. भिवाकाका बाहेर बाकावर बसला होता, कान बधिर झाल्यासारखा.

"बाय, बारा वांव काय बारा मैल? त्या ट्रॉलरच्या फुडच्या नाळेक तुमच्या होडयेचो निळो रंग लागलोहा, माका सकाळीच दिसलो. आज पंचनामो करतंय. पण मैल लिवलंस तर ह्या माझ्या हातातून जातला."

मी त्याच्या डोळ्यांत बघून ऑफिसातल्या मराठीत म्हणाले, "मैल. लिहिलंय ते वाचा."

हाच तो क्षण. दुसरा कुठलाही नाही. तो माणूस काम करायला निघाला होता आणि मी त्याला थांबवलं.

हद्द आपली नाही म्हणून गुन्हा झिरो नंबरने नोंदला गेला आणि कागद फिरू लागले. बाहेरच्या पाण्यासाठी नेमलेल्या ठाण्याने तटरक्षक दलाला विचारलं. त्यांनी कळवलं, शोध आणि बचाव आमचा, तपास पोलिसांचा. मत्स्य खातं म्हणालं, बारा मैलांपुढे आमची हद्द नाही. मग कोणीतरी भिवाकाकाला पुन्हा जबाबाला बोलावलं आणि त्याने जे घडलं तेच सांगितलं — बारा वाव. साहेबांनी शेरा मारला, फिर्यादी दर वेळी वेगळं सांगतो. फाईल परत मालवणला आली तोवर ट्रॉलरची पुढची नाळ घासून, रंगवून लखलखीत झाली होती आणि तो चालवणारा तांडेल कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.

लोक विचारू लागले, मैल आले कुठून? तेव्हा मी पत्रक लिहिलं. माझं सगळ्यात चांगलं पत्रक. 'सदाला दुसऱ्यांदा बुडवणारा हवालदार' — तावडेने मालकासाठी वावाचे मैल केले, असं मी छापलं. मोर्चा निघाला. चौकशीआधीच त्याची बदली झाली. तो माझा अर्ज दाखवू शकला असता. दाखवला असेलही, पण माझ्या पत्रकापुढे तो बघणार कोण? आणि मी — मला त्या रात्री शांत झोप लागली. बाबांचा बदला घेतला असं वाटलं.

भिवाकाका मात्र अजून भेटला की म्हणतो, "माझाच तोंड चुकला आसतला गो." सदाची बायको त्याच्याशी बोलत नाही. तिलाही तेच वाटतं.

मालकावरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. त्याचा ट्रॉलर बंदरात दिसला की हात शिवशिवतात. पण त्याला वाचवलं कोणी? त्याच्या पैशाने नाही, तावडेने नाही. मी. त्याच्या वकिलाला जमलं नसतं ते मी एका शब्दात करून दिलं.

मूळ अर्जाच्या प्रतीसह हे सगळं मी पोलीस अधीक्षकांना लिहून दिलं आहे, जे व्हायचं ते होईल. उद्या सकाळी हे पान मी भिवाकाकाला वाचून दाखवणार आहे. या वेळी लिहिलंय तसंच.

तुमच्याकडे एकच काम. ते पत्रक बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या खांबावर आणि आरोंद्यापासून कुणकेश्वरपर्यंत किनाऱ्याने कुठे कुठे, पावसाच्या आडोशाला, अजून चिकटलेलं आहे. खळ मी घट्ट केली होती, सहज निघणार नाही. दिसलं तर पाणी मारा आणि नखाने खरवडून काढा.