नागपंचमीला दडवलेली कात्री

शेवगावकडच्या एका गावात मी नर्स होते. राहायला मिळालेली खोली एवढीशी, की एकानं अंथरूण घातलं तर दुसऱ्यानं उभं राहावं. त्यात मी, नवरा, सासूबाई आणि सरकारी औषधं. बाळंतपणाची ट्रंक खाटेखाली मावेना, म्हणून खाटेच्या पायांखाली विटा घातल्या. स्पिरिटच्या आणि टिंक्चरच्या बाटल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीला खेटून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या रोज कुरकुरायच्या, "घर हाय का दवाखाना?" मीही रोज फणकारायचे. पण माझ्या ट्रंकेला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

दुष्काळाच्या त्या वर्षी, नागपंचमीच्या दुपारी, मागच्या आळीतला एक जण धावत आला. बायको सकाळपासून कळा देत होती. "बाई, पोराचं डोस्कं दिसतंय, पन फुडं सरकंना!"

मी ट्रंक ओढली. कापूस होता, दोरा होता. उकळून फडक्यात गुंडाळून ठेवलेली कात्री मात्र गायब! ब्लेड नाही, घरातली विळीसुद्धा नाही. मग डोक्यात प्रकाश पडला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. नागपंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही. आत्याबाईंनी धारेचं सगळं आदल्या दिवशीच दडवलं होतं.

आत्याबाई वारुळापाशी पूजेला गेल्या होत्या. मी पळतच तिथं गेले आणि सगळ्या बायकांदेखत ओरडले, "आत्याबाई, कात्री कुठंय?"

"आज न्हाई द्यायची."

"अहो, तिकडं लेकरू अडकलंय!"

त्यांनी दंडाला धरून मला बाजूला ओढलं. "पहिलं पोटातच गेलं तुजं. आता कुठं चौथा म्हैना लागलाय. आज कापलंस आन् हेबी गेलं, तर मी काय करू गं?"

रागवावं की रडावं, मला कळेना. "तिच्याही पोटातलंच आहे ना ते!" एवढंच तोंडातून निघालं.

त्या तडक घरी आल्या आणि ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून कात्री काढली. ज्वारीत! मी कपाळावर हात मारला, स्पिरिटची बाटली आणि कापूस-दोऱ्याची पिशवी उचलून पळत सुटले. कात्री मुठीत धरून त्या माझ्या मागोमाग आल्या.

पोचलो तेव्हा डोकं बाहेर आलं होतं. गळ्याला नाळेचे दोन घट्ट वेढे, तोंड काळंनिळं. वेढे काही केल्या निघेनात. फार भ्याले मी. नाळेला दोन ठिकाणी दोरा करकचून बांधला आणि कात्रीसाठी हात पुढं केला. आत्याबाई ती देईनात. माझ्याशेजारी खाली बसल्या.

"कुठं कापू, दाव."

"आत्याबाई, द्या इकडं!"

"तू नगं कापू. पाप लागलं तर मला लागंल."

वाद घालायला वेळ कुठं होता? मी कात्रीवर स्पिरिट ओतलं आणि दोन गाठींच्या मधली जागा दाखवली. त्यांनी कापलं. पोर बाहेर आलं. मी त्याची पाठ चोळत राहिले आणि एकदाचं ते रडलं.

घरातल्या बायका हसायला लागल्या. आत्याबाई कात्री हातात घेऊन तशाच बसल्या होत्या, माझ्या पोटाकडे बघत.